दाजी, काडतूस सापडलं का?

घरात बंदूक असावी हा विचार माणसाच्या डोक्यात एकटा कधीच येत नाही. तो मेव्हण्याबरोबर येतो. माझा मेव्हणा पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो. तिथे तो नक्की काय करतो हे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही सांगता येत नाही. पण सुट्टीला मैंदर्गीला आला की आमच्या घराच्या भिंती, नळाचं पाणी, माझा रक्तदाब आणि तालुक्याची कायदा-सुव्यवस्था या सगळ्यांत त्याला तातडीने सुधारणा करायच्या असतात. या खेपेला तो आला आणि नेमकी त्याच आठवड्यात शेजारच्या अण्णांच्या विहिरीवरची केबल चोरीला गेली.

मोटारीची केबल चोरीला जाणं ही आमच्याकडे बातमी नव्हे. चोर केबल नेतो, जाळतो, तांबं काढून विकतो. शेतकरी दोन दिवस शिव्या देतो आणि नवी केबल आणतो. पण मेव्हण्याने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाला, "दाजी, आज केबल. उद्या घर."

"घरात आहे काय?" मी म्हणालो.

खरंच, आहे काय? तुरीची चार पोती, हिच्या लग्नातलं लोखंडी कपाट, आवाज येतो पण चित्र येत नाही असा टीव्ही आणि तीस वर्षांच्या नोकरीत साठलेली हजेरीपत्रकं. सोनं म्हणाल तर ते तारण ठेवून तुरीला खत घेतलं आहे. ते बँकेत आहे आणि बँकेच्या दारात बंदूकवाला बसलेला असतो.

"म्हणजे आपल्या सोन्याला बंदूक आहेच," मी हिशेब मांडला.

"सोन्याला हाय. तुम्हाला कुठं हाय?" मेव्हणा म्हणाला.

"यांना कोण नेतंय?" ही आतून म्हणाली.

त्यात 2024 च्या पावसाळ्यातल्या त्या ड्रोनच्या बातम्या मेव्हण्याच्या मनातून गेलेल्या नव्हत्या. पुणे, बीड, जालन्याकडच्या गावांवर रात्री दिवे लुकलुकत फिरायचे आणि चोर आधी वरून घरं हेरून जातात अशी बोलवा उठली होती. गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. आमच्या घराची पाहणी ड्रोनमधून केली तर चोराला माळवदावर वाळत घातलेल्या सांडग्यांपलीकडे काही दिसलं नसतं. पण मेव्हण्याचं म्हणणं, चोराला आत काय आहे हे ठाऊक नसतं, म्हणून तर तो येतो. या युक्तिवादाला उत्तर नाही. अभ्यास सुरू झाला.

अभ्यास म्हणजे मेव्हण्याच्या मोबाईलमधले अमेरिकन गृहस्थ. दाढीवाले, टोपीवाले, गॅरेजमध्ये उभे राहून बोलणारे. पाठीमागच्या भिंतीवर आमच्या स्वयंपाकघरात भांडी नसतील इतक्या बंदुका. त्यांचा जन्मजन्मांतरीचा वाद एकच: नवशिक्याने घरासाठी पिस्तूल घ्यावं, रायफल घ्यावी की शॉटगन. तिकडे बऱ्याच राज्यांत माणूस दुकानात जातो, ओळखपत्र दाखवतो, दुकानदार त्याचा पूर्वेतिहास तपासतो आणि गिऱ्हाईक त्याच दिवशी बंदूक घेऊन घरी येतं. आमच्याकडे त्याच दिवशी फार तर "उद्या या" मिळतं.

मग विषय चहाच्या टपरीवर गेला. आमच्या गावात गप्पा मराठीत सुरू होतात, भांडण कानडीत होतं आणि कर्नाटकची हद्द हाकेवर असल्यामुळे दोन्ही भाषांत कोणी हार मानत नाही. गुरुजी बंदूक घेणार म्हटल्यावर टपरीवर आनंदाचं वातावरण पसरलं. एकाने सांगितलं, रिव्हॉल्व्हर घ्या, कमरेला शोभतं. दुसरा म्हणाला, डबल बार घ्या, लग्नात वाजवता येते. (वाजवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत बँडवाल्याला मोजूनही एवढे होत नाहीत.) तिसऱ्याने छर्ऱ्याची बंदूक सुचवली: चार पॉइंट पाच मिलिमीटरची साधी एअरगन, परवाना लागत नाही. चौथ्याने आवाज खाली करून गावठी कट्ट्याचं नाव काढलं. तेवढ्यात आमचे सुभेदार आले. त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याला एकाएकी शेतात पाणी सोडायचं आठवलं.

सुभेदार फौजेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून चहासुद्धा सावधान बसून पितात.

"गुरुजी," ते म्हणाले, "आजपर्यंत काय काय चालवलंत?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं. शाळेत असताना खडू चालवायचो. तो ज्याच्यासाठी असायचा त्याच्या शेजारच्याला लागायचा. आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दर संक्रांतीला फुगे फोडायच्या बंदुकीवर हात साफ केला आहे. तिथे माझ्यामुळे कधी फुगेवाल्याचं नुकसान झालेलं नाही. एकदा तर तो बिचारा स्वतः म्हणाला होता, "काका, जवळ येऊन मारा की."

"आणि दिवाळीत लवंगी माळ कोण लावतं तुमच्याकडं?"

"ही लावते."

"मग परवाना वहिनींच्या नावानं काढा."

टपरीवर हशा झाला. पण सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मला जे शिकवलं ते त्या सगळ्या दाढीवाल्यांनी मिळून शिकवलं नव्हतं. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी जेवढी, तेवढं नळीचं तोंड. म्हणून आकडा वाढला की बोअर लहान होतं. वीस बोअर बारापेक्षा बारीक. उभ्या हयातीत व्यस्त प्रमाण शिकवताना मला इतकं चांगलं उदाहरण मिळालं नव्हतं. मजूर आणि दिवस यांतच पिढ्या गेल्या.

"पण सुभेदारसाहेब, बारा बोअरला नेम लागत नाही म्हणतात. छर्रे पसरतात."

"तुमची खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

"तेवढ्यात छर्रे मुठीएवढेसुद्धा पसरत नाहीत. नेम धरायलाच लागतो. आता रिव्हॉल्व्हरचं बघा. गोळी चोरापाशी थांबत नाही, पुढं जाते. तुमच्या भिंती कशाच्या?"

"पुढच्या माळवदाच्या, दोन हात रुंद. मागची खोली पत्र्याची."

"मागं कोण झोपतं?"

"सासूबाई. आमच्याकडेच असतात हल्ली."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "गुरुजी, मन साफ ठेवून बोअर निवडा."

"माझी आई हाय ती!" मेव्हणा ओरडला. त्या दिवसापासून रिव्हॉल्व्हरविषयी त्याचा उत्साह जरा ओसरला. एअरगनविषयी सुभेदारांचं मत थोडक्यात होतं: चोर पळत नाही, चिडतो.

मेव्हण्याला मात्र काहीतरी प्रत्यक्ष बघायचं होतं. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलो तेव्हा त्याने आम्हाला नव्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात नेलं. अक्कलकोटच्या भोसल्यांचा हा संग्रह ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. तलवारी, भाले, कट्यारी आणि बंदुका, एका घराण्याला किती शत्रू परवडू शकतात याचा अंदाज येतो. मेव्हणा एका लांबच लांब बंदुकीपुढे उभा राहून म्हणाला, "दाजी, त्या काळात बरं होतं. परवाना नाही, काही नाही." त्याचं अगदी चूक नव्हतं. इंग्रजांच्या मुलखात हिंदी माणसांना परवान्याची सक्ती लॉर्ड लिटनने 1878 च्या शस्त्र कायद्याने केली. त्याच वर्षी स्वामींनी अक्कलकोटात समाधी घेतली. "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" हे वाक्य भिंतीभिंतीवर, रिक्षारिक्षावर लिहिलेल्या गावातून मी बंदुकीची चौकशी करत फिरत होतो, हे हिने मला परतीच्या एसटीत ऐकवलं.

येताना बँकेतल्या बंदूकवाल्याला गाठलं. खाकी शर्ट, गुडघ्यांत उभी धरलेली दुनळी, दस्त्याला शाळेच्या दप्तराचा वाटावा असा पट्टा. कमरेच्या पट्ट्यात लाल प्लास्टिकची काडतुसं, खाली पितळी बूड. दोन खोबणींत काडतुसांऐवजी एकीत तंबाखूची डबी आणि दुसरीत लोकांना फॉर्म भरायला द्यायचं पेन.

"मामा, कधी उडवली का?"

"यप्पा! उडवली तर हिशेब कोण दील? रिकाम्या पुंगळ्या दाखवायच्या, कशाला उडवली सांगायचं. मी नुसतं बसतो. माणसं बघतात. बास झालं."

"मग घरासाठी कसली चांगली?"

त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "गुरुजी, तुम्ही बसताव का रात्रभर? बसणार नसलाव तर कसलीबी घ्या."

इतका नेमका सल्ला मला पुढे कुठेच मिळाला नाही. अर्थात तो सल्ला आहे हे मेव्हण्याला मान्य नव्हतं.

आता कागदपत्रं. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम मेव्हण्याने डाउनलोड केले आणि मला वाचायला लावले, कारण मी गुरुजी. सोलापूर शहरात राहणाऱ्याला परवाना पोलिस आयुक्त देतात. आम्हा तालुक्यातल्यांना जिल्हाधिकारी. वय एकवीस पूर्ण, ही अट माझ्या बाबतीत केव्हाच ओलांडली गेली होती. नऊ मिलिमीटर वगैरे बोअर सामान्य माणसाला बंद. खुलं म्हणजे पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर-पिस्तूल, बारा बोअरसारख्या बंदुका आणि असंच काही. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, 2019 पासून दोन. परवाना पाच वर्षांचा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागता येते. पण तीत दारू भरा, ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा, एवढं होईपर्यंत रानडुक्कर हरभरा संपवून शेजारच्या पट्टीत गेलेलं असतं. चोर तर माणूस आहे.

वाचता वाचता मेव्हणा एकदम उडालाच. "दाजी, बघा! पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कायद्यात लिहिलंय! घरात काही नसलं तरी चालतंय!"

इतक्या वर्षांत सरकारने माझ्या परिस्थितीची घेतलेली ही पहिली दखल.

चौकशीला एका कचेरीत गेलो. कोणत्या ते विचारू नका. पंखा चालू होता एवढं सांगतो. खिडकीतल्या साहेबांनी ए-1 नमुन्याचा अर्ज पुढे केला आणि विचारलं, "कारण?"

"स्वसंरक्षण."

"कोणापासून?"

"चोरापासून."

"चोराचं नाव?"

मी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा म्हणाला, "साहेब, अजून आलेला नाही."

"धमकी आहे?"

"नाही."

"लेखी धमकी, फोन, चिठ्ठी, पूर्वीची फिर्याद, काहीतरी? भीती खरी पाहिजे, गुरुजी. कागदावर आली पाहिजे."

"म्हणजे चोराने आधी लिहून द्यायला हवं?"

"दिलं तर बरंच," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. कामाची सवय होती.

पुढची यादी अशी: पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटो, जन्माचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते कुलपात सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र, प्रकृती आणि मन दोन्ही ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, आणि पोलिसांचा अहवाल. पैकी फोटो मी त्याच दिवशी काढले. ते माझ्या हातात होतं.

डॉक्टरांकडे आधीच अंदाज घ्यावा म्हणून गेलो. आमच्या घराण्याचे डॉक्टर, तीन पिढ्यांच्या जिभा त्यांनी पाहिल्या आहेत.

"रात्री झोप लागते?" त्यांनी विचारलं.

"लागते की. छान लागते."

"मग बंदूक कशाला?"

मी लगेच उत्तर बदललं. "नाही लागत. चोराच्या भीतीने दचकून उठतो. पाऊल वाजल्यासारखं वाटतं. मांजर जरी गेलं तरी छाती धडधडते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "असल्या माणसाच्या हातात बंदूक द्या असं मी लिहून देऊ?"

यातून वाट काय, हे मी अजून शोधतो आहे. झोप लागत असेल तर गरज नाही, आणि लागत नसेल तर लायकी नाही.

पोलिसांच्या अहवालासाठी शेजारपाजारी विचारपूस होते, हे कळल्यावर आम्ही अण्णांना चहाला बोलावलं. अण्णांशी आमचे संबंध घरोब्याचे आहेत. बांधाची कोर्टातली तारीख असली की आम्ही एकाच मोटारसायकलवर जातो. "अण्णा, उद्या कोणी विचारलं, गुरुजी स्वभावानं कसे, तर काय सांगाल?" अण्णांनी बशीतला चहा संपवला. "चांगलेच सांगणार की. गुरुजी म्हणजे देवमाणूस." मग थोडं थांबून, "पण बंदूक घेतल्यावर बांधाचं काय? ते आधी मिटवू या का? म्हणजे मला बी मोकळ्या मनानं सांगता येईल." बंदूक घरात यायच्या आधीच माझी दीड फूट जमीन जाण्याची लक्षणं दिसू लागली.

बांधाच्या खटल्यातले आमचे वकीलसाहेब मात्र खुलून आले. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्यात कलम 34 पासून 44 पर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आधी हाच भारतीय दंड विधानात 96 ते 106 होता, हे त्यांनी खुर्चीत मागे रेलून सांगितलं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी होत असेल तर हा हक्क बराच लांब जातो. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरायचं नाही.

"आणि चोर पळायला लागला तर?"

"तर जाऊ द्या. पळणाऱ्या चोरावर गोळी झाडली की पुढची तारीख त्याची नाही, तुमची."

म्हणजे अंधारात, चष्म्याशिवाय, मला तीन गोष्टी ठरवायच्या होत्या: चोर फोडतो आहे की नुसता शिरला आहे, तो येतो आहे की जातो आहे, आणि मला जेवढी भीती वाटते आहे तेवढीच वाटायला हवी का.

हिला यांतल्या कशातच रस नव्हता. तिला किंमत हवी होती. मेव्हण्याने 'निर्भीक'चं वर्णन ऐकवलं: 2014 साली कानपूरच्या आयुध कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून काढलेलं पॉइंट बत्तीसचं हलकं रिव्हॉल्व्हर. वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये. आणि येतं कशात, तर गडद मरून रंगाच्या दागिन्यांच्या पेटीत.

"सव्वा लाख?" ही म्हणाली. "त्या वर्षी त्यात चार तोळे आले असते."

"ताई, जिवापुढं चार तोळे काय?"

"आणि दागिन्यांच्या पेटीत? म्हणजे चोर आला की आधी तीच पेटी उचलणार. मग त्याच्याकडं बंदूक, आणि आपल्याकडं?"

मेव्हण्याने मोबाईलमध्ये उत्तर शोधलं. दाढीवाल्यांपैकी कोणीही हिच्याशी संसार केलेला नसावा.

अखेर असं ठरलं की बंदूक येईल तेव्हा येईल, घराची तालीम आधी व्हावी. सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यायचं आहे, तर जागा ठरल्या पाहिजेत. ठरवल्या हिने. बंदूक लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप. काडतुसं वेगळ्या खोलीत, तुरीच्या पोत्यांमागच्या पत्र्याच्या पेटीत, तिलाही कुलूप. कपाटाची किल्ली देवघरात, पेटीची किल्ली मिसळणाच्या डब्याखाली, कारण नातू सुट्टीला येतात आणि त्यांचा हात जात नाही अशी घरात तेवढी एकच जागा आहे. या व्यवस्थेत मला दोष काढता येईना. कायद्याला, सुभेदारांना आणि आजीला एकाच वेळी पटलेली ती आमच्या घरातली एकमेव गोष्ट होती.

बंदूक म्हणून कपाटात गुढीची काठी ठेवली. पूर्ण लांबीची दुनळी कपाटात मावत नाही, तशी तीही मावली नाही. दार दोरीने बांधलं. स्वसंरक्षणासाठी मागायच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला कायद्यातच किमान वीस इंच नळी सांगितली आहे, मग दस्ता धरून ती चांगली हातभर वाढते. काडतुसं म्हणून दोन बॅटरीचे सेल. चोर म्हणून मेव्हणा. त्याने मध्यरात्रीनंतर केव्हाही परसातल्या भिंतीवरून यावं, मी उठावं, सगळं जमवावं आणि त्याच्यापुढे सज्ज उभं राहावं.

रात्री कधीतरी परसात धप्प आवाज झाला. मी उठलो. बटण दाबलं. वीज गेलेली होती. आमच्याकडे विजेला वेळेचं बंधन नाही. चष्मा उशाशी होता, तो पायाशी सापडला, म्हणजे पायाखाली सापडला. एका काचेने देवघर गाठलं. किल्ली घेताना घंटा पडली. ही झोपेतच म्हणाली, "आरती झाली?" कपाटाची दोरी सोडून दार ओढलं, आणि त्या दाराने असा आवाज केला की आमच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा एवढं वाजलं नव्हतं. गुढीची काठी आडवी धरून बोळातून वळायला लागलो तर एक टोक उतरंडीला लागलं आणि दुसरं सासूबाईंच्या दाराला. उतरंडीतली वरची मडकी खाली आली. सासूबाई कानडीत "यारप्पा?" म्हणून ओरडल्या. मी मिसळणाच्या डब्याखाली हात घातला तो डब्यातच गेला. तिखटाचा हात मग सवयीने डोळ्यांकडे.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काडी पेटली. मेव्हणा केव्हाच आत आला होता. गॅसवर चहाचं आधण ठेवून त्याने अगदी हळू, पाहुण्याच्या अदबीने विचारलं, "दाजी, काडतूस सापडलं का?"

मी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हतो. पण गल्ली होती. कपाटाच्या आवाजाने अण्णांचं कुत्रं उठलं, कुत्र्याने अण्णांना उठवलं, अण्णांनी "कोण हाय बे तिकडं!" म्हणून आरोळी ठोकली, आणि बघता बघता परसात बॅटऱ्या, काठ्या, कोणाच्या तरी हातात उलथनं. सुभेदार सर्वांत पुढे, हातात काही नाही. मेव्हणा मागच्या दाराने पळायला गेला. त्याने चांगल्या उद्देशाने धूम ठोकली, पण कुत्र्याला उद्देश कळत नाही. हिंजवडीहून आणलेली पॅन्ट मैंदर्गीतच राहिली. सुभेदारांनी त्याला गचांडी धरून उजेडात आणलं तेव्हा तो "मी चोर नाही, पाहुणा आहे" असं मराठीत सांगत होता आणि गल्ली त्याला कानडीत विचारत होती.

सासूबाईंनी ओळख पटवली. थोडा वेळ घेऊन पटवली.

नंतर सगळ्यांसाठी तेच आधण वाढवून चहा झाला. अण्णांनी सांगितलं की ग्रामसुरक्षा यंत्रणेवर नंबर नोंदवला की एका फोनवर सगळ्यांचे फोन वाजतात, पोलिसांना 112 आहेच. गुरुजींच्या कपाटाचं दार असताना त्याची गरज नाही, पण नोंदवून ठेवा. सुभेदारांनी घर फिरून पाहिलं आणि तीन गोष्टी सांगितल्या: मागच्या दाराला आतून आडणा बसवा, परसात एक दिवा लावा, कपाटाला तेल घालू नका. मी आडण्याचं माप घेतलं. हिने त्याच सकाळी सुताराला बोलावलं. सुताराने लेखी धमकी मागितली नाही.

मेव्हणा अजून हरला नव्हता. लंगडत का होईना, दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दाजी, निदान अर्ज तरी टाकून ठेवू. मिळेल तेव्हा मिळेल." तेव्हा टपरीवरच्या एका परवानाधारक बागायतदाराने स्वतःची हकिगत सांगितली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची नोटीस येते. 2024 साली मे महिन्यात लोकसभेचं मतदान, नोव्हेंबरात विधानसभेचं. दोन्ही वेळा त्याची दुनळी ठाण्यात. मध्ये घरी आली ती साफ करण्यापुरती. मग नगरपरिषद आहे, जिल्हा परिषद आहे, पंचायत समिती आहे. "आमची बंदूक मजेत हाय," तो म्हणाला. "पोलिसांच्या पहाऱ्यात असते. उघडं पडलंय ते घर." चोरांना आचारसंहिता नसते, हा मुद्दा कोणीतरी काढला, पण सोलापूर जिल्ह्यात या वाक्यावर राजकीय चर्चा सुरू व्हायला वेळ लागत नाही, म्हणून सुभेदारांनी विषय बदलला.

आडणा बसला. परसात दिवा लागला. अण्णांच्या कुत्र्याला आमच्याकडून रोज अर्धी भाकरी सुरू झाली, तीही बांधाचा दावा कायम ठेवून. ए-1 नमुन्याचा अर्ज अजून कोराच आहे. कोणाला भरायचा असेल, लेखी धमकी मिळालेली असेल, आणि झोप लागते पण अगदीच गाढ नाही असं डॉक्टरांना पटवता येत असेल, तर त्याने तो खुशाल घेऊन जावा. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटोही देईन. चेहरा तेवढा माझा आहे.